ओडिशा लांब हाय, ताई

गुरुजी फोनवर बोलायला लागले की शाळेतल्या लिंबावरचे कावळे उडून जायचे. हे मी वाढवून सांगत नाही. आमच्या शाळेच्या मागे पाण्याचा हौद आहे. त्याच्या कठड्यावर उभं राहिलं की रेंज येते, खाली उतरलं की जाते. गुरुजी चपला खाली काढून, पँट दुमडून वर चढायचे, एक हात लिंबाच्या फांदीला आणि दुसऱ्या हातात फोन. मग सुरू व्हायचे, "हां मॅडम! बोलिये! मैं हौद पे हूँ!"

माझी खिचडीची शेड हौदाला लागून. त्यामुळे कोणत्या राज्यात परीक्षा चालू आहे, कुठं पूर आला, कुठल्या मास्तरांची बदली झाली, हे सगळं मला तांदूळ निवडता निवडता कळायचं. मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते. बोलायची मला लहानपणापासून भीती. कोणी समोर आलं की माझा पदर तोंडाकडे जातो आणि शब्द आतच राहतो. तरी एकदा धीर करून मी गुरुजींना विचारलं, "गुरुजी, एवढ्या मोठ्यानं कशापायी बोलता?"

ते हौदावरूनच म्हणाले, "ओडिशा लांब हाय ना, ताई."

हेडसर वर्गातून बाहेर आले होते. ते म्हणाले, "अहो, मंग फोनचा खर्चा कशाला करता? नुसतंच बोला हौदावरून. पोचतंय बराबर."

गुरुजी हसले आणि आणखी मोठ्यानं बोलायला लागले.

आमची शाळा लहान, चौथीपर्यंतची. मीही तिथंच चौथी शिकले. शिकवायला दोघंच, हेडसर आणि गुरुजी. गुरुजी कधीतरी कुठल्याशा मोठ्या प्रशिक्षणाला गेले होते. तिथं सगळ्या राज्यांतले मास्तर आणि बाया आल्या होत्या. बाकीचे लोक प्रमाणपत्र घेऊन परत आले. गुरुजी सोयरे घेऊन आले. ते त्यांना सोयरेच म्हणायचे. राजस्थानचे एक मास्तर त्यांचे साडूभाऊ, आसामचा एक तरुण मास्तर भाचा, आणि ओडिशात समुद्राजवळच्या गावात शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्या गुरुमा. तिकडं पोरं बाईंना गुरुमा म्हणतात, म्हणून गुरुजीही गुरुमा म्हणायचे. वयानं त्या गुरुजींपेक्षा लहानच असतील.

गुरुजींच्या घरच्या वहिनी एकदा शाळेत डबा द्यायला आल्या होत्या. शेडमध्ये टेकल्या आणि म्हणाल्या, "ह्यांचे सोयरे पार आसामपस्तोर हायेत. पण पोरीच्या लग्नात चुलीपुढं बसायला एक बी आला न्हाई."

आसामच्या भाच्याला ते सकाळी उजाडायच्या आधी फोन करायचे. "तिकडं सूर्य जल्दी उगवतो," म्हणायचे. त्या बिचाऱ्याला सूर्य उगवल्यावरही झोपायचं असेल, हे त्यांना कधी सुचलं नाही.

गुरुजींची खरी खोड वेगळीच होती. त्यांच्या फोनवर काही आलं, म्हणजे कुठं मास्तर लोकांचं प्रशिक्षण आहे, कुठं पोरांची चित्रांची स्पर्धा आहे, कुणी शाळांना फुकट पुस्तकं देतंय, की पहिल्यांदा ते सगळ्या राज्यांत पुढे जायचं आणि मग गुरुजी ते वाचायचे. हेडसर डोक्याला हात लावायचे. "अहो, आधी सोताचा अर्ज भरा. मंग वाटा जगाला." त्यावर गुरुजींचं उत्तर ठरलेलं, "एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाई, सर."

एकदा त्यांनी शाळेत पेढे वाटले. पोरांना दिले, मला दिले, रस्त्यानं बैल घेऊन चाललेल्या माणसाला थांबवून दिले. त्यानं विचारलं, "कशाचे, गुरुजी?"

"आमच्या साडूभाऊंना दिल्लीला बोलावलं! मोठं प्रशिक्षण हाय. मीच पाठवल्ता त्यांना तो कागद."

"बरं झालं. आन् तुम्हाला?"

"माझी तारीख निघून गेली."

तो माणूस हातातल्या पेढ्याकडे बघायला लागला. खावा की नको, हे त्याला कळेना. शेवटी बैलाला अर्धा देऊन अर्धा खाल्ला.

मला त्या दिवशी गुरुजींची कीव आली होती. आता येत नाही.

मला हे काम लागलं तेव्हाचंही सांगते. आम्ही बौद्ध. माझ्या हातची खिचडी म्हटल्यावर गावातल्या दोन-चार घरची पोरं घरून डबे आणायला लागली. कोणी काही बोललं नाही, नुसते डबे आले. मी शेडमध्ये मान खाली घालून बसले होते. रोज आधी एका शिक्षकानं चव घ्यायची असते. गुरुजी एरवी चमचाभर घ्यायचे. त्या दिवशी ताट घेऊन पोरांच्या पंगतीत मधोमध मांडी घालून बसले. एकदा घेतली, दुसऱ्यांदा घेतली. मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, मीठ बराबर! ज्याला नको त्यानं खाऊ नका रे, मला तिसऱ्यांदा पाहिजे!" पुढे ते रोज तसेच बसत गेले. थोड्या दिवसांनी डबे आपोआप बंद झाले. यावर गुरुजी माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही.

ओडिशाच्या शाळेशी आमची गाठ टीव्हीवर पडायची. गुरुजी हेडसरांचा फोन रेंजसाठी हौदावर ठेवायचे, त्याच्या नेटवर आपला फोन चालवून वर्गातल्या टीव्हीला जोडायचे, आणि टीव्हीत गुरुमा आणि त्यांची पोरं दिसायची. आमची पोरं त्यांना आकडे म्हणून दाखवायची, ती आमच्या पोरांना गाणं म्हणून दाखवायची. कुणालाच कुणाचं कळायचं नाही आणि सगळ्यांना मजा यायची. गुरुमांना हिंदी थोडं यायचं, मराठी अजिबात नाही. मी दारामागून बघायचे. गुरुजी म्हणायचे, "ताई, या की म्होरं. त्यांना बघू द्या खिचडी कोण करतं." मी आणखी मागे सरकायचे.

मग गुरुजींनी वस्तू पाठवायचं काढलं. आम्ही कापसाची बोंडं आणि ज्वारीची कणसं पाठवली. मी कुरडया दिल्या. पोचल्या तेव्हा टीव्हीवर बघितलं तर तिकडची पोरं कच्च्या कुरडया कडाकडा चावत होती आणि तोंडं वेडीवाकडी करत होती. गुरुमा म्हणाल्या, "भाईसाब, बहुत कडक है!" गुरुजी जागेवरून उडालेच. "तळो! तळो, मॅडम! तेल में तळो!" तिकडं कुणाला तळो कळेना. गुरुजींनी हातानं कढई केली, तोंडानं चर्र आवाज काढला. तेव्हा कुठं त्या पोरांची सुटका झाली.

त्याच्या बदल्यात तिकडून समुद्राचे शंख आले. लहान लहान, पोरांच्या मुठीत मावतील असे. प्रत्येक पोराला एक.

आता सुजाताचं सांगायला पाहिजे.

सुजाता माझी मुलगी. तेव्हा दुसरीत होती, गुरुजींच्या वर्गात. गुणाची, शांत, हाक मारली तर कधी यायची, कधी नाही. विचारलं तर नुसती बघून हसायची. सगळे म्हणायचे, "आईवर गेली. हिची आई तरी कुठं बोलती?" मलाही ते खरं वाटायचं. खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. घरात कुणीतरी माझ्यासारखं आहे, असं. आम्ही दोघी एकमेकींशी डोळ्यांनीच बोलायचो. मी पाण्याकडे बघितलं की ती तांब्या आणायची. मी भुवई उचलली की ती पुस्तक काढायची. आम्हाला शब्द लागतच नाहीत, असं मी समजत होते.

वर्गात तिचं ठीक चालायचं. पाढे यायचे, वाचायला यायचं. त्यामुळे कुणाच्या मनात काही आलं नाही.

शंख आले त्या दिवशी गुरुजींनी टीव्ही लावला. गुरुमांनी तिकडून शंख कानाला लावून दाखवला. गुरुजी ओरडले, "लावा रे कानाला! समुद्र ऐकू येतो!" आमच्या पोरांनी गोदावरी सोडली तर मोठं पाणी कधी बघितलेलं नाही. सगळ्यांनी शंख कानाला लावले, आणि एकदम वर्ग गप्प झाला. मग एकेक ओरडायला लागला, "आला! आला! वारं सुटल्यागत वाजून राह्यलं!" सुजातानंही शंख कानाला लावला होता. तीही हसली. मी दारामागून बघत होते. मला वाटलं, माझ्या पोरीनं समुद्र ऐकला.

दुसऱ्या दिवशी गुरुमांचा फोन आला. गुरुजी हौदावर चढले. मी चूल पेटवत होते. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की कावळे झाडावरच आहेत. वर बघितलं तर गुरुजी फोन कानाला लावून नुसते ऐकत होते. मधेच एकदा "अच्छा" म्हणाले, तेही मला ओठांवरून कळलं. मग खाली उतरले, चपला तिथंच ठेवून अनवाणीच वर्गात गेले.

वर्गाला खिडकी आहे, त्यातून दिसतं. त्यांनी पोरांना पाटीवर चित्र काढायला लावलं आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. मग अगदी हळू, आपल्याला त्यांचा म्हणून ओळखूच येणार नाही अशा आवाजात म्हणाले, "जिलेबी कोणाला पाहिजे?"

सगळी पोरं गर्रकन वळली. सुजाता चित्र काढत राहिली. शेजारची पोर वळली हे दिसलं, तेव्हा ती वळली, आणि सगळ्यांबरोबर हात वर केला.

गुरुजी शेडमध्ये आले आणि पाटावर बसले. म्हणाले, "ताई, काल गुरुमांनी एक गोष्ट बघितली. त्यांना आपली भाषा कळत न्हाई, म्हणून त्या पोरांचे चेहरेच बघत असत्यात. शंख कानाला लावला तवा समद्यांचे चेहरे पालटले. सुजाताचा पालटला न्हाई. तिनं शेजारणीकडं बघितलं, आन् मंग हसली."

मी म्हणाले, "ती तशीच हाय, गुरुजी. माझ्यासारखी. बोलत न्हाई."

"तुम्ही बोलत न्हाई, पण ऐकता. मी पंगतीत पोराच्या कानात म्हनलो मीठ कमी हाय, तर तुम्ही शेडातून मीठ घेऊन येता."

मी म्हणाले, "पण तिला वर्गात समदं येतं की."

यावर गुरुजींनी कपाळावर हात मारला. "मी बोंबलतो ना, ताई! माझं तर ओडिशाला ऐकू जातं. पोरीला जाणार न्हाई? तुम्ही गप्प, मी बोंबल्या. आपण दोघांनी मिळून झाकलं हे."

जूनमध्ये सुजाता तिसरीत, म्हणजे हेडसरांच्या वर्गात जाणार होती. हेडसर चांगले शिकवतात, पण अगदी हळू बोलतात. आज मला कळतं, काय झालं असतं ते. पोरगी मागे मागे पडली असती, कुणी तिला ढ म्हटलं असतं, कुणी आईवर गेली म्हटलं असतं. मला चौथीला घरच्यांनी थांबवलं. तिला कुणी न थांबवता ती थांबली असती.

घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या चिडल्या. "पोर शांत हाय तर शांत हाय. एकदा बहिरी म्हनून नाव पडलं की जन्मभर निघत न्हाई. उद्या सोयरीक कोण करंल? त्या कुठल्या बाईनं टीव्हीतून बघितलं आन् तुम्ही निघाले!"

मी सासूबाईंपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "आत्याबाई, तिनं एवढ्या लांबून बघितलं. आपल्याला जवळून दिसलं न्हाई." एवढंच म्हणाले आणि भाकरी थापायला बसले. सुजाताचे वडील घनसावंगीहून जालन्याला जीप चालवतात. ते जेवत होते. ताटातून वर न बघता म्हणाले, "उद्या पहिल्या फेरीला बसा दोघी. म्होरची शीट ठिवतो."

गुरुजी रजा टाकून आमच्याबरोबर आले. पूर्ण रस्ताभर सुजाताला शेतं दाखवत ओरडत होते, जीपमधल्या माणसांनी कानांना रुमाल लावले. जालन्याच्या दवाखान्यात तिला कानाला लावायचं देऊन तपासलं. दोन्ही कानांना कमी ऐकू येतं, पण मशीन लावली तर चांगलं येईल, असं निघालं. मशीन मिळायला शिबिराची वाट बघावी लागणार होती.

तोवर गुरुजींनी सगळे सोयरे कामाला लावले. पेढेवाले साडूभाऊ दिल्लीच्या त्या प्रशिक्षणात कर्नाटकच्या एका मास्तरांना भेटले होते. ते मास्तर अशाच मुलांना शिकवायचे. त्यांनी हेडसरांना टीव्हीवरून सगळं समजावलं. पोरीला पुढे बसवा, बोलताना तिच्याकडे तोंड करा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, तिला कळलं का असं विचारू नका, तिलाच सांगायला लावा. हेडसर हे सगळं मन लावून शिकले. एक दिवस मला म्हणाले, "मावशी, मी ह्यांना रोज हसायचो. ह्यांनी तो कागद सोताआधी साडूभाऊंना पाठवला म्हनून तो मास्तर आपल्याला भेटला." मी पदराआडून नुसती मान हलवली.

दिवाळीनंतर शिबिरात मशीन मिळाल्या. दोन्ही कानांना. पहिल्या दिवशी सुजाता शेडमध्ये आली आणि पातेल्याजवळ थांबली. कान पातेल्याकडे केला. मग म्हणाली, "आई, खिचडी काय म्हनून राह्यली?"

खिचडी शिजताना बुडबुड आवाज येतो, हे मी कधी लक्षात घेतलं नव्हतं.

आता गुरुजी रिटायर झाले. मंठ्याला राहतात. सोयरे अजून आहेत, सकाळीच आसामला फोन अजून लागतो, असं वहिनी सांगतात. खिचडी करणाऱ्या बायांच्या पाककृती स्पर्धेचं काही आलं की ते मला पाठवतात. मी ते आधी आजूबाजूच्या गावांतल्या बायांना पाठवते आणि मग वाचते. मागच्या वेळी माझीही तारीख निघून गेली. सुजाता घनसावंगीला आठवीत जाते. जीपमध्ये तिच्या बडबडीनं वडिलांचं डोकं उठतं, तेच सांगतात, आणि सांगताना हसतात.

गुरुजींचे उपकार मी त्यांना कधी बोलून दाखवले नाहीत. तोंडानं ते मला जमणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवलं. पण एक दिवस मी बोलले होते, तो सांगून थांबते.

मशीन आल्यावर गुरुजींनी ओडिशाला टीव्ही लावला. वर्ग भरलेला, हेडसर खुर्चीवर, मी दारामागे. गुरुमा टीव्हीत पुढे सरकून बसल्या होत्या. सुजाताला मध्ये उभं केलं आणि तिच्या हातात तोच शंख दिला. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं शंख कानाला लावला, तर मशीननं कुईऽऽ करून शिट्टी वाजवली. तिनं दचकून शंख काढला. परत लावला, परत शिट्टी. कानाजवळ काही टेकवलं की मशीन शिट्टी मारते, हे आम्हाला कुठं माहीत होतं? पोरं खो खो हसली. शंखातलं काही ऐकू येईना. गुरुजींचा चेहरा उतरला. एवढी तयारी केली होती त्यांनी.

ते सुजाताच्या मागे उभे होते. टीव्हीकडे बघून काही सांगायला गेले, पण नेहमीचा आवाज निघालाच नाही. अगदी हळू, कुणी कानात सांगावं तसं म्हणाले, "गुरुमा, मशीन बराबर बसी है."

सुजाता गर्रकन वळली. तिच्या शेजारी कुणी वळलं नव्हतं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गुरुजी, हळू कशापायी बोलून राह्यले? ओडिशा लांब हाय ना!"

गुरुजी खालीच बसले. आणि मी हसले. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं कधी हसले नव्हते. टीव्हीतून गुरुमा इकडं तिकडं बघत विचारायला लागल्या, "कौन है? वो कौन हँसा?"

हेडसर दाराकडे बघायला लागले. मी पदर सोडला, दारामागून बाहेर आले आणि टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले.

"सुजाता की माँ," मी म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. ओडिशा लांब आहे.